ठेंगणी शेवंती आणि खानापूरचा मुलूख

मलप्रभा कणकुंबीच्या डोंगरात उगम पावून खानापुरावरून पूर्वेकडे वाहत जाते, आणि तिच्या वाटचालीबरोबर पावसाचे मानही इतक्या झपाट्याने उतरते की, एकाच तालुक्याच्या हद्दीत पश्चिमेस अरण्य व अतिवृष्टी, तर पूर्वेस उघडे जिराईत रान, असे दोन भिन्न मुलूख नांदताना दिसतात. शेवंती लावू पाहणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा. कारण महाराष्ट्राच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत काश्या, म्हणजे बुंध्याभोवतीचे फुटवे, लावण्याचा जो प्रघात आहे तो येथे जसाच्या तसा उचलल्यास, आषाढाच्या झडीत तिची वरवर पसरणारी मुळे पाण्याने गुदमरतात, आणि जी रोपे तगतात ती ढगाळ हवेत उंच, किडकिडीत होऊन फुलांच्या भाराने आडवी पडतात.

तेव्हा ठेंगण्या जातीच्या शोधात हिंडण्यापूर्वी लागवडच लांबवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. काश्या पावसाळाभर आडोशाला राखाव्या, शेंड्यांची चार बोटे लांबीची कलमे वाळूत मुळावर आणावी, आणि श्रावणाची झड ओसरल्यावर ती वाफ्यात वा कुंडीत हलवावी. म्हणजे उंची गाठण्यास अवधी मिळण्यापूर्वीच रोपास फुलण्याची वर्दी पोहोचते.

ही वर्दी लांबत जाणारी रात्र देते. अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर व ॲलर्ड या संशोधकांनी, उन्हाळ्यात शेतात नुसताच वाढत राहणारा ‘मेरिलँड मॅमथ’ तंबाखू हिवाळ्यात काचगृहात मात्र निमूटपणे फुलतो, या कोड्याचा पाठपुरावा करून, १९२० साली दिनमानाचा व पुष्पोद्भवाचा संबंध प्रसिद्ध केला. निपाणीच्या तंबाखूवर पोसलेल्या आपल्या या सीमाभागास त्या शोधाची थोरवी निराळी सांगावयास नको. शेवंतीही त्याच पंक्तीतली. खानापूरच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचेही अंतर नाही, तरीही एवढा सूक्ष्म फरक ती ओळखते, आणि म्हणूनच रस्त्यावरच्या किंवा ओसरीवरच्या, रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालची कुंडी कळीवर येण्यास विलंब लावते.

बुटक्या घाटाचा वंश मात्र दूरदेशीचा. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने चीनच्या चुसान बेटावरील लहान फुलांची शेवंती १८४६ साली लंडनला पोहोचवली, आणि तिच्यापासूनच पुढे फ्रेंच बागवानांनी गेंदेदार ‘पाँपॉन’ जाती निपजवल्या. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने, शेंडा खुडण्याची वा काठीचा आधार देण्याची गरजच न पडणाऱ्या जाती सिद्ध केल्या, हे काम आम्हांस फार मोलाचे वाटते. कारण मजुरी परवडत नाही अशा गृहस्थाच्याही परसात त्यामुळे काठावरची ओळ सारख्या उंचीने फुलते. जुन्या ‘झिप्री’सारख्या जातींना मात्र लागवडीनंतर सुमारे महिन्याने शेंडा खुडावाच लागतो, मग बगलेच्या फांद्या फुटून झुडूप भरते.

कुंडीविषयी खानापूरकराने बाहेर पाहण्याचे कारण नाही. येथील चिकणमाती, कौलांच्या व विटांच्या भट्ट्या आणि केंद्रीय ग्रामीण कुंभारकला संस्था यांमुळे या गावाचे नाव मृत्तिकाकामाशी कायमचे जोडले गेले आहे. आणि न झिलईलेल्या भाजक्या कुंडीच्या भिंतीतून ओल बाहेर झिरपते व हवा मुळांपर्यंत जाते, हीच शेवंतीची मुख्य गरज. वीतभर रुंदीच्या कुंडीत माती, मुरलेले शेणखत व वाळू घालावी, आणि बूड विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवावे. वाफ्यात दोन रोपांत फूटभर अंतर राखले म्हणजे वारा खेळतो व पानांवरील करपा आटोक्यात राहतो. कोवळ्या शेंड्यांवर माव्याची नजर असते, त्याकडे कळी धरताना रोज पाहावे.

फुलदाणीसाठी झुपकेदार फांदी हवी असेल तर मधली, सर्वांत आधी फुगणारी कळी खुडावी, म्हणजे बाजूच्या कळ्या एकदम उमलतात. एकच मोठे फूल हवे असेल तर उलट बाजूच्या कळ्या काढाव्या. फुले पूर्ण उमलल्यावर पहाटे फांदी कापून, पाण्यात बुडणारी पाने तोडून लगेच पाण्यात ठेवावी. बहर संपताच झाड जमिनीपासून वीतभर राखून छाटावे. बुंध्याभोवती उगवणाऱ्या नव्या काश्या वेगळ्या करून, मृगापूर्वी छपराखाली न्याव्यात.