गोळी आणि चूर्ण

दिल्लीच्या खारी बावलीत शिरले, की दालचिनी, ज्येष्ठमध आणि शतावरी यांच्या गोण्यांचा संमिश्र गंध आजीच्या बटव्याची आठवण करून देतो. नोएडास राहणाऱ्या माझ्या पुतणीच्या सासूबाईंनी तेथूनच तिच्यासाठी मोठ्या मायेने एक चूर्ण आणले. पुतणी तेव्हा मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेत होती. पण ते तिने घरात सांगितले नव्हते. लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. अशा घरात गोळी लपवावी लागते आणि चूर्ण नाकारता येत नाही. डॉक्टरांना चूर्णाची वार्ता नाही, सासूबाईंना गोळीची नाही. एकाच प्रकरणाच्या दोन फायली दोन टेबलांवर फिरू लागल्या म्हणजे काय होते, हे आम्हां कचेरीतल्या मंडळींना चांगले ठाऊक आहे!

तिच्या विकाराला पीसीओएस म्हणतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांवरून त्याचे वर्णन केले. आज दहा स्त्रियांत साधारण एकीला तो असतो. पाळी लांबते, चेहऱ्यावर राठ केस येतात, गर्भधारणेस विलंब लागतो. बीजांडकोशात दिसणाऱ्या गाठी म्हणजे वस्तुतः वाढ खुंटलेली बीजपुटके होत. पुष्कळ जणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग रक्तातले इन्सुलिन वाढते, त्यामुळे बीजांडकोश पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करतो आणि बीज बाहेर पडण्याची क्रिया अडते. मेटफॉर्मिन हे चक्र इन्सुलिनच्या बाजूने सैल करते.

गंमत अशी, की या गोळीचे कूळही वनस्पतीचेच आहे. गॅलेगा नावाच्या युरोपीय झुडपातील द्रव्याच्या अभ्यासातून ती निघाली आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी तिचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. तेव्हा गोळी तेवढी उग्र आणि पाला मात्र निरुपद्रवी, ही समजूत टिकत नाही.

मेथी रक्तातील साखर उतरवते, मेटफॉर्मिनही उतरवते. अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते. त्याची गोळी चालू असलेल्या स्त्रीने हे ध्यानी ठेवावे. ज्येष्ठमधाची गोष्ट अधिक बोधक आहे. त्याने शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो. राठ केसांसाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन नेमके उलट करते. इटलीत ३२ स्त्रियांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही दोन्ही एकत्र दिली, तेव्हा गोळीचे काही उपद्रव कमी झाले. म्हणजे मिलाफ हितकरही ठरतो. मात्र तेथे दोन्ही मात्रा मोजलेल्या होत्या आणि तपासणारा एकच होता. (मूल हवे असणाऱ्या स्त्रीने स्पायरोनोलॅक्टोन घ्यावयाचे नसते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.)

बिनचिठ्ठीच्या पुडीत मात्रा तर सोडाच, द्रव्यही ठाऊक नसते. बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. शिसे गर्भाला घातक असते.

एका चतुर्थीला, उपाशीपोटी, पुतणीला मेट्रोत दरदरून घाम फुटला. डॉक्टरांनी विचारले, "आणखी काय घेतेस?" तिने पुडी टेबलावर ठेवली. चूर्ण बंद झाले. पुढच्या भेटीला सासूबाई स्वतः सोबत गेल्या आणि गोळीच्या वेळा त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतल्या.