माळ्यावरची पेटी आणि खिडकीजवळचा कोपरा

मागच्या वर्षी ईदच्या आधी घराची साफसफाई काढली, तेव्हा माळ्यावरून अब्बांची पत्र्याची पेटी खाली आली. अब्बा म्हणजे माझे सासरे. सोलापुरात मागावर काम करून त्यांनी आयुष्य काढले आणि जुन्या बाजारातून पुस्तके गोळा केली. पेटीत पिवळे पडलेले दिवाळी अंक होते, कादंबऱ्या होत्या, काही उर्दू रिसाले होते. दारात रद्दीवाला काटा घेऊन उभा होता. नववीतली माझी लेक म्हणाली, "अम्मी, नको ना देऊस. मी वाचेन."

मी कामाच्या तिरमिरीत होते. म्हटले, "कुठे बसून वाचणार आहेस?"

तिच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. दोन खोल्या, माणसे सहा. ती अभ्यासाला जिन्याच्या पायरीवर बसायची, हे मला माहीत होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा टोचले. रद्दीवाल्याला परत पाठवले आणि ठरवले, हिला बसायला जागा करायचीच.

आजकाल 'व्हिंटेज' नावाखाली मुद्दाम जुन्यासारखे केलेले नवे फर्निचर हजारो रुपयांना विकले जाते. आपल्या घरांत मात्र खरे जुने सामान माळ्यावर धूळ खात पडलेले असते. ते खाली काढून पुसले, दुरुस्त केले, की निम्मे काम होते. आमचा कोपरा कसा झाला ते सांगते. तुमच्या घरी सामान वेगळे असेल, रीत हीच.

जागा आणि टेबल

बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी चार फूट बाय तीन फूट जागा होती. तिथे सासूबाईंचे बंद पडलेले पायमशीन उभे होते. याच मशीनवर ब्लाऊज, परकर शिवून त्यांनी तीन मुले शिकवली. ते हलवायचे कसे म्हणावे, हा प्रश्न होता. भीत भीत विषय काढला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मशीन वर ठेव जपून. पाय राहू दे. त्यावर पोरीला टेबल कर."

मशीनचा वरचा भाग काढून पेटीत ठेवला. लोखंडी सांगाड्याचा गंज तारेच्या ब्रशने घासला. लाकडी फळी पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासून जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. इथे एक सावधगिरी सांगते. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पुस्तकांच्या फळीसाठी भंगारवाल्याकडून जुन्या दाराचे फळकूट घेतले. जुने लाकूड घेताना बारीक भोके आणि त्यांतून पडणारा भुसा पाहा. असेल तर घेऊ नका, कीड घरभर होईल. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून असा रंग कोरडा खरवडू नये. आम्ही घराबाहेर, तोंडाला फडके बांधून, पाणी मारून घासले आणि लहान मुलांना लांब ठेवले.

बैठक

खुर्ची घेतली नाही. घरातली दडस झालेली गादी गल्लीतल्या पिंजारी चाचांना दिली. त्यांनी कापूस पिंजून त्यातून जाड बैठक आणि एक लोड करून दिला. वर जुनी सोलापुरी चादर घातली. तिचा रंग विटला होता, पण वीण शाबूत होती. उंच टेबलावर लिहायचे असेल तेव्हा लेक स्टूल ओढते, वाचायचे असेल तेव्हा खाली लोडाला टेकते.

उजेड

दिवसा खिडकी पुरते. मात्र पुस्तकांवर थेट ऊन पडू देऊ नये; कागद पिवळा पडतो, मुखपृष्ठे विटतात. रात्रीसाठी नऊ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब लावला. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेले पाहून घ्या, तो उजेड उबदार असतो. दिवा डोळ्यांत येऊ नये, खांद्यामागून पानावर यावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. पुस्तक डोळ्यांपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर असावे.

पुस्तकांची निगा

जुनी पुस्तके ओल्या फडक्याने पुसू नयेत. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. कुबट वास येत असेल तर पुस्तक आणि वाटीत खाण्याचा सोडा असे बंद डब्यात चार दिवस ठेवा. सोडा पानांवर टाकू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पुढे पिवळी पडून डाग सोडते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरते. फळी भिंतीपासून दोन बोटे पुढे ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी सहज पोहोचत नाही. कसरीसाठी पुस्तके महिन्याकाठी काढून झाडणे हाच खरा उपाय.

आमच्या जुन्या भिंतीत वर एक कोनाडा आहे. तिथे कुरआन शरीफ, जुझदान आणि रेहल. बाकीची पुस्तके त्याच्या खाली.

नवी पुस्तके आणायला पैसे लागतातच असे नाही. जवळच्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी साधारण परवडण्यासारखी असते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत फोर्टमधले पदपथावरचे विक्रेते, इथे वापरलेली पुस्तके स्वस्तात मिळतात.

हिशेब

पॉलिश पेपर ६० रुपये, तेल १५० रुपये, पिंजारी चाचांची मजुरी ३५० रुपये, बल्ब ९० रुपये, वायर आणि होल्डर १३० रुपये, फळकूट ४०० रुपये. एकूण १,१८० रुपये. कामाला तीन रविवार लागले. मुलाने आणि त्याच्या अब्बांनीही घासघूस केली.

सगळ्यात अवघड गोष्ट

कोपरा झाला आणि पहिल्याच आठवड्यात मला माझीच चूक दिसली. लेक पुस्तक उघडायची आणि मी हाक मारायचे, "जरा पाणी दे. दूध उतू जातंय बघ. पाहुण्यांना चहा टाक." मुलगा मोबाईल घेऊन बसलेला असायचा, त्याला कोणी उठवत नव्हते. एके संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मशीन मी तिच्या टेबलासाठी दिलं. मी त्यावर बसले की मलाही घडोघडी उठवायचे सगळे. तिला उठवू नकोस."

तेव्हापासून घरात नियम आहे. कोपऱ्यात बसलेल्याला हाक मारायची नाही. चहा मुलगाही टाकतो. आधी पाणचट व्हायचा, आता बरा जमतो. माझ्या लेकीला जागेइतकीच गरज होती ती न उठवल्या जाणाऱ्या तासाची, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

आता दुपारी जेवणे आटोपली, लेक शाळेत असली, की त्या लोडाला टेकून मीही बसते. परवा अब्बांच्या एका कादंबरीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले दिसले : 'बारा आणे. घरी सांगू नये.' सासूबाईंना वाचून दाखवले. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. पुढचं वाच."