गृहभेटीपासून सिनेटपर्यंत

समाजकार्याचा पदवीधर वस्तीत गृहभेटी देतो, लोकांचे अर्ज भरून देतो, त्यांच्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. पण त्या अर्जांमागचे नियम जिथे ठरतात, त्या सभागृहात तो क्वचितच दिसतो. ही उणीव भरून काढण्याचे काम अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातील एक संस्था करते. प्राध्यापिका नॅन्सी हम्फ्रीज यांनी १९९५ मध्ये ती उभारली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९९६ पासून ही संस्था समाजकार्यकर्त्यांसाठी प्रचारशाळा भरवते. मतदारांपर्यंत कसे पोहोचावे, आपले म्हणणे थोडक्यात कसे मांडावे, निधी कसा उभारावा, हे सारे तिथे शिकवतात. दुसऱ्यासाठी दहा दारे ठोठावणारा माणूस स्वतःसाठी मत मागताना मात्र अवघडतो. तो संकोच सरावानेच जातो.

समाजकार्यातून राजकारणात किती मजल मारता येते, हे बार्बरा मिकुल्स्की यांच्याकडे पाहून कळते. बाल्टिमोरच्या एका किराणा दुकानदाराची ही मुलगी १९६५ मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन वस्तीत काम करू लागली. पुढे फेल्स पॉइंट या जुन्या बंदरवस्तीवर महामार्ग येऊ घातला, तेव्हा त्यांनी रहिवाशांना एकत्र केले आणि वस्ती वाचली. १९७१ मध्ये त्या दारोदार फिरून नगर परिषदेवर निवडून आल्या, १९७६ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९८६ मध्ये सिनेटवर. २०१७ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा संसदेत त्यांची चाळीस वर्षे झाली होती.

त्यांच्या वडिलांना अल्झायमर झाला आणि त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. त्या काळी अशा रुग्णाला सरकारी मदत मिळेपर्यंत नवरा-बायकोची जवळजवळ सगळी पुंजी संपून जाई. घरी राहिलेल्या जोडीदारासाठी उत्पन्नाचा आणि बचतीचा काही भाग राखून ठेवणारी तरतूद १९८८ मध्ये कायद्यात आली, ती मिकुल्स्कींच्या पाठपुराव्यामुळे.

ही वाट जुनीच आहे. भारताला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान असलेले क्लेमंट ॲटली हेही लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब मुलांच्या क्लबात काम करता करता समाजवादी झाले होते.

एक गृहभेट एका घराचा प्रश्न सोडवते, एक कायदा लाखो घरांचा. म्हणून वस्तीतल्या कार्यकर्त्याने उमेदवारी अर्ज भरायलाही शिकले पाहिजे.