मोरपंखी तोडायची का?

“काका, हे झाड आता तोडूनच टाका!” गेल्या पावसाळ्यात पुतणी चिडून म्हणाली. आमच्या शेरूने फाटकाजवळच्या मोरपंखीच्या फांद्या चघळल्या होत्या आणि अंगणात दोनदा हिरवट उलटी केली होती. मोरपंखी कुत्र्यांना विषारी असते, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. मी गप्प राहिलो. ते झाड माझ्या वडिलांनी लावलेलं.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात, भालकी असो की आळंद, कितीतरी घरांपुढे मोरपंखी दिसते. शाळेत आम्ही तिची फांदी ‘विद्या’ म्हणून पुस्तकात ठेवायचो. ती पाइन-देवदारासारखीच सूचिपर्णी. तिच्या पानांत उग्र वासाचं तेल असतं. कुत्र्याने थोडी पानं चघळली तर बहुधा उलटी-जुलाबावर निभावतं. तिच्या जवळच्या नात्यातल्या थुजाच्या तेलात थुजोन असतं. ते फार पोटात गेलं तर झटकेही येऊ शकतात.

शेरूला तपासून डॉक्टरांनी विचारलं, “अंगणात आणखी काय काय आहे?” घरी येऊन पाहिलं, तेव्हा खरी भीती वाटली. पायरीशी वास्तुशांतीला भेट आलेली सायकसची कुंडी होती. तिला लोक सॅगो पाम म्हणतात, पण ती पामही नाही आणि सूचिपर्णीही नाही. तिचा प्रत्येक भाग विषारी, आणि बिया सर्वांत जास्त. एक-दोन बियांनीही कुत्र्याचं यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. देवपूजेसाठी लावलेली कण्हेर आणि पिवळी बिट्टी थेट हृदयावर परिणाम करतात. शिवाय वाळवीसाठी झाडाच्या बुंध्याशी टाकलेलं दाणेदार औषध होतंच. कुत्रा तिथेच माती उकरतो.

असं काही पोटात गेलं, तर उलटीची वाट पाहू नका. सायकसची कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते, तोवर उशीर झालेला असतो. मिठाचं पाणी, तेल, दूध असे घरगुती उपाय करू नका. पानाचा तुकडा किंवा औषधाची पिशवी सोबत घेऊन लगेच जवळचा पशुवैद्य गाठा. बिदरमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण कलबुर्गीहून ते शंभर किलोमीटरच्या पुढे. म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा.

शेरू दुसऱ्या दिवशी भाकरी खायला लागला. पुतणीने मोरपंखीच्या खालच्या फांद्या गुडघ्यापर्यंत छाटल्या आणि छाटण लगेच उचललं. सायकस कुलूपबंद गच्चीवर गेली. कण्हेर आणि बिट्टीला जाळी लागली, दाणेदार औषध बंद झालं.

वडिलांचं झाड मात्र जागच्या जागी आहे. शेरू अजून त्याच्याच सावलीत झोपतो.