लावणीचा दिवस

मुहूर्ताची हौस आपल्या समाजाला फार जुनी. वास्तुशांत असो, बारसे असो, की दारात नवी दुचाकी आणायची असो, पंचांग उघडल्याशिवाय आपले पाऊल पुढे पडत नाही. घटका-दोन घटका इकडेतिकडे झाल्याने काय बिघडते, असे सुधारक मंडळी विचारतात आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु वैद्यकातील एका दालनात मुहूर्त खरोखरच पाहावा लागतो. गोठवून ठेवलेला गर्भ मातेच्या उदरात सोडण्याचा तो मुहूर्त! तो पंचांगात मिळत नाही. स्त्रीच्या शरीरात शोधावा लागतो, नाही तर औषधांनी घडवून आणावा लागतो.

आमचे मारुंजी हे मुळशी तालुक्यातले मूळचे शेतकऱ्यांचे गाव. शेजारी हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि शिवारात उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही मुळशीकराला भाताची लावणी समजावून सांगावी लागत नाही. रोप एकीकडे वाफ्यात वाढते, खाचराची चिखलणी दुसरीकडे होते आणि दोन्ही तयार झाली की लावणी. ह्या उपचाराचे मर्मही हेच आहे. फरक एवढाच, की भाताचे रोप वाफ्यात जास्त दिवस राहिले तर जून होते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवलेला गर्भ मात्र वर्षानुवर्षे आहे त्याच वयाचा राहतो. रोप थांबते, खाचर थांबत नाही.

मग मुळात गोठवायचे कशासाठी? अनेक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून आधी इंजेक्शने देतात. त्यामुळे शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण भलतेच वाढते, गर्भाशयाचे अस्तर कधी कधी वेळेआधीच पिकते आणि काही स्त्रियांची बीजकोशेही सुजतात. अशा महिन्यात घाई करण्यापेक्षा गर्भ जपून ठेवावा आणि शरीर शांत झाल्यावर पुढच्या एखाद्या महिन्यात रोवावा, हा त्यामागचा विचार.

वाचकांना नवल वाटेल, पण हा विचार कलकत्त्याच्या एका डॉक्टराने 1978 सालीच अंमलात आणला होता. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गर्भ 53 दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात मातेच्या उदरात सोडला. 3 ऑक्टोबर 1978 रोजी मुलगी जन्मली. जगातली पहिली परीक्षानळीतली बालिका इंग्लंडात जन्मून तेव्हा अवघे 70 दिवस झाले होते! परंतु सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, जपानला जाऊन संशोधन मांडण्याची परवानगी नाकारली गेली आणि अखेर त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. गोठवलेल्या गर्भातून मूल झाल्याची जगन्मान्य नोंद ऑस्ट्रेलियात झाली, ती 1984 साली.

पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी एक मुलगी जन्मली आणि भारतातील पहिले यश म्हणून तिची नोंद झाली. परंतु 1997 साली मुखोपाध्यायांची टिपणे हाती पडताच आनंद कुमारांनी जाहीरपणे लिहिले की, पहिला मान त्या बंगाली डॉक्टराचाच! आपल्या डोक्यावरचा मुकुट स्वतः उतरवून दुसऱ्याच्या मस्तकी ठेवणारी माणसे विरळाच.

आता आजच्या रीतीकडे वळू. औषधांनी अस्तर तयार करायचे तर पाळीच्या सुरुवातीपासून इस्ट्रोजेन देतात. साधारण दोन आठवड्यांत अस्तर सात-आठ मिलिमीटर जाड झाले, की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. 'गर्भधारणेसाठी' हा अर्थ ह्या दुसऱ्या संप्रेरकाच्या नावातच दडलेला आहे. ते सुरू झाले की अस्तराचे घड्याळ चालू होते. पाच दिवस वाढवून गोठवलेला गर्भ बहुधा प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात. कारण अस्तराचे वय आणि गर्भाचे वय जुळले पाहिजे.

म्हणून खरा मुहूर्त गर्भ सोडण्याच्या दिवसाचा नव्हे, प्रोजेस्टेरॉनच्या पहिल्या मात्रेचा! हे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. इस्ट्रोजेनच्या दिवसांत थोडी सवड असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते चार दिवस लांबवता येतात. दिवाळी आहे, नणंद माहेरी यायची आहे, कचेरीत रजा नाही, ही सारी गाऱ्हाणी तेव्हाच मांडावीत. एकदा प्रोजेस्टेरॉन सुरू झाले, की दिवस ठरला. एखादी मात्रा चुकली तर लपवू नये. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.

ज्यांची पाळी नियमित आहे त्यांना दुसरीही वाट आहे. बीज आपोआप सुटण्याची वेळ रक्ततपासणीने व सोनोग्राफीने हेरून तीवरून दिवस धरतात. बीज सुटलेल्या जागी होणारा पीतपिंड स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवतो. औषधी चक्रात तो नसतो. तेथे गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक आढळतो. म्हणून कोणती वाट आपल्याला योग्य, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पीतपिंड नसेल तर वार ते काम हाती घेईपर्यंत, बहुधा दहा-बारा आठवडे, औषधे चालू ठेवावी लागतात. चाचणीत दिवस राहिल्याचे दिसले म्हणून आनंदाच्या भरात, किंवा थोडे रक्त दिसले म्हणून निराशेने, ती मनाने बंद करणे घातक ठरू शकते.

थांबलेले रोप किती कामी येते, ह्याचा दाखला पुण्यातच आहे. गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या पथकाने मे 2017 मध्ये एका युवतीला तिच्या आईचे गर्भाशय बसवले. तिचे गर्भ आधीच गोठवून ठेवले होते. 18 ऑक्टोबर 2018 रोजी तिला मुलगी झाली. जिथे आई वाढली, त्याच गर्भाशयात लेकही वाढली!

तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दिवस अचूक साधूनही प्रत्येक गर्भ रुजतोच असे नाही. पुष्कळदा दोष गर्भाच्या गुणसूत्रांतच असतो. सून जिना चढली म्हणून, हसली म्हणून, कामावर गेली म्हणून गर्भ गळत नाही. घड्याळ लावून औषधे घेणाऱ्या त्या मुलीला ठरल्या वेळी पाण्याचा पेला नेऊन द्यावा आणि 'काय झाले गं?' हा प्रश्न तिने आपणहून सांगेपर्यंत ओठांतच ठेवावा. घरच्या माणसांना पाळता येईल असा खरा मुहूर्त तोच.