विश्लेषण : कार्यकर्त्यांनी अचानक कॅमेरा रोखला, तर डॉक्टरांनी काय करावे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला 18 मे 2025 रोजी आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर रुग्णालयाच्या दारात नातेवाइकांसोबत कार्यकर्तेही जमतात. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून डॉक्टरांना थेट विचारले जाते, ‘हे मृत्यू टळले असते, हो की नाही?’ चिडून दिलेले उत्तर काही मिनिटांत व्हायरल होते. मग करावे काय?

पळ का काढू नये?
कॅमेऱ्यावर हात ठेवला किंवा पाठ फिरवली, की तेवढीच क्लिप फिरते. काहीतरी दडवले जात आहे, असा समज होतो. थांबावे, विचारणाऱ्याचे नाव आणि संघटना विचारावी. ‘आत रुग्ण आहेत, संध्याकाळी पाचला बोलू’ असे सांगून ती वेळ पाळावी. बोलताना स्वतःही पूर्ण रेकॉर्डिंग करावे.

काय सांगता येते?
आपल्या विषयातील पक्की माहिती. उदाहरणार्थ, आगीत ज्वाळांइतकाच धूरही घातक असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

काय टाळावे?
- ‘हो की नाही’च्या सापळ्यात अडकू नये. ‘शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर सांगता येईल’ हेही उत्तरच असते.
- कारखान्याला परवानगी होती का, अग्निशमन यंत्रणा उशिरा आली का, यावर अंदाज बांधू नये. संबंधित विभागाचे नाव सांगावे.
- रुग्णाची माहिती उघड करू नये. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेनुसार ती गोपनीय असते.
- प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अपुऱ्या चाचण्यांवरून निष्कर्ष सांगू नये.
- सरकारी सेवेतील डॉक्टरांनी अधिकृत प्रवक्त्याकडे बोट दाखवावे.

कायदा काय सांगतो?
डॉक्टरांवर हल्ला किंवा रुग्णालयाची तोडफोड झाल्यास महाराष्ट्राच्या 2010च्या कायद्यानुसार 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. मात्र बोचरा प्रश्न म्हणजे हल्ला नव्हे.

कामगारांच्या सुरक्षेचा प्रश्न उद्धटपणे विचारला, म्हणून तो खोटा ठरत नाही. आवाज कितीही चढला, तरी उत्तर प्रश्नाला द्यावे, आवाजाला नव्हे.