सुट्या भागांचे वाद्य

पेटी विकत घ्यावयास गेलेला मनुष्य दुकानदाराला ‘भाता एका कारखान्याचा द्या, सूर दुसऱ्याचे द्या आणि पट्ट्या तिसऱ्याच्या’ असे कधी सांगत नाही. वाद्य बनविणाऱ्याने हे सारे एका लाकडी खोक्यात आधीच जुळवून ठेविलेले असते. वाजविणाऱ्याने ती पेटी उघडून पुढे बसावयाचे, एवढेच. मॉड्यूलर सिंथेसायझर या विजेच्या वाद्यात मात्र नेमके हे जुळविण्याचेच काम वाजविणाऱ्याच्या अंगावर येते. सूर उत्पन्न करणारा घटक निराळा, त्या सुराचा करडेपणा गाळून तो कोवळा करणारा निराळा, लहानमोठेपणा सांभाळणारा आणखी निराळा. प्रत्येक घटक धातूच्या एका उभ्या पट्टीमागे बसविलेला असतो. पट्टीवर गुंड्या आणि छिद्रे, आणि एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात जाणाऱ्या हातभर तारा. तारा जोडल्याखेरीज वाद्य मुके. अशा वाद्याची निवड चुकली तर ती सुधारता येते, पण स्वस्तात नव्हे. भारतात राहणाऱ्याला बहुतेक घटक परदेशातून मागवावे लागतात आणि किमतीवर वाहतूक व जकात चढते. पगारातून वर्ष-दीड वर्ष बाजूला काढलेली रक्कम खर्चून, दिव्यांनी लुकलुकणारे पण ऐकण्याजोगा एकही सूर न देणारे कपाट घरात येऊन बसावे, ही गोष्ट या छंदात मुळीच दुर्मीळ नाही.

या रचनेच्या मुळाशी असलेली कल्पना अगदी साधी आहे. गुंडी हाताने फिरविण्याऐवजी ती विजेच्या दाबाने फिरवावी, एवढीच ती कल्पना. न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी थेरेमिन नावाचे वाद्य बनविणाऱ्या रॉबर्ट मोग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने १९६४ साली ती प्रत्यक्षात आणली. (गोव्याकडील वाचकांना या आडनावात कोकणीतील प्रेमाचा शब्द ऐकू येईल; वाद्यावर जीव टाकणाऱ्यांना तो योगायोग रुचण्यासारखा आहे.) सूर काढणाऱ्या घटकाला, म्हणजे ऑसिलेटरला, मिळणारा दाब एक व्होल्टने वाढविला की सूर बरोबर एक सप्तक वर जावा, असा नियम मोग यांच्या यंत्रात ठरला. हा दाब पट्ट्यांच्या फळीतून येवो, दुसऱ्या मंद ऑसिलेटरमधून येवो, की हाताने फिरविलेल्या गुंडीतून येवो, ऑसिलेटरला त्याचे सोयरसुतक नसते. सूर आणि हुकूम ही दोन्ही एकाच जातीची वीज असल्यामुळे कोणत्याही घटकाने दुसऱ्या कोणत्याही घटकाला हुकूम द्यावा, अशी मुभा वाद्यात उत्पन्न झाली.

जवळजवळ त्याच वेळी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को येथे, मॉर्टन सबॉटनिक आणि रमोन सेंडर या संगीतकारांच्या सांगण्यावरून डॉन बुकला यांनी स्वतंत्रपणे असेच यंत्र घडविले. पण त्यांची दृष्टी निराळी होती. पियानोच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या जोडल्या की वाजविणारा पियानोच वाजवीत राहणार, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी स्पर्श ओळखणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसविल्या. मोग यांच्या पद्धतीत मूळ सूर भरगच्च घ्यावयाचा आणि फिल्टरने त्यातून नको ते गाळावयाचे. बुकला यांच्या पद्धतीत सूर साधा घ्यावयाचा आणि त्याला घड्या घालून त्यात नवी स्वरांगे भरावयाची. आजही घटक निवडणाऱ्यापुढे पहिला फाटा फुटतो तो येथेच.

मोग यांच्या यंत्रावर वेंडी कार्लोस यांनी वाजविलेल्या बाखच्या रचनांची ध्वनिमुद्रिका १९६८ साली निघाली आणि वाद्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु १९७० साली मोग यांच्याच कारखान्यातून मिनीमोग बाहेर पडले. त्यात जोडण्या आतल्या आत कायमच्या केलेल्या होत्या आणि ते उचलून मंचावर नेता येत असे. त्यानंतर सुट्या घटकांचे अवजड यंत्र हळूहळू मागे पडले. त्याला पुन्हा बरे दिवस आणले ते जर्मनीतील डीटर डोप्फर यांनी, १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर. प्रयोगशाळांतील उपकरणांसाठी आधीपासून प्रचारात असलेले चौकटीचे माप त्यांनी उचलले : पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचे एकक ५.०८ मिलिमीटर, आणि विजेचा पुरवठा अधिक व उणे १२ व्होल्ट. इतर कारखान्यांनीही तेच माप स्वीकारले. यूरोरॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत एका देशातील कारखान्याचा ऑसिलेटर दुसऱ्या देशातील फिल्टरशेजारी बिनतक्रार बसतो. निवडीचे स्वातंत्र्य त्यामुळे अफाट झाले, आणि निवडीची पंचाईतही तेव्हापासूनचीच.

खरेदीची यादी घटकांपासून करू नये. ती कामापासून करावी. तंबोऱ्यासारखा अखंड नाद हवा, की तालवाद्यासारखे तुटक आघात हवेत, की स्वतःच्या गळ्याचा आवाज यंत्रातून फिरवून निराळा करावयाचा आहे, हे आधी ठरले पाहिजे. अखंड नादासाठी दोन-तीन ऑसिलेटर आणि एक चांगला फिल्टर यांवर बराच काळ निभावतो. आघातांसाठी ऑसिलेटर एकच पुरे, पण आघाताला आकार देणारा एन्व्हलप जनरेटर एकाहून अधिक लागतो. हा एन्व्हलप म्हणजे काय, ते वाद्यांच्या भाषेत सहज सांगता येते. सतारीची तार छेडताच आवाज एकदम उंचावतो आणि मग ओसरत जातो. सारंगीवर गज फिरू लागला की तो हळूहळू भरतो आणि गज थांबेपर्यंत टिकतो. सूर तोच असला तरी त्याच्या जन्माचा आणि विरण्याचा आलेख निराळा. तो आलेख विजेच्या दाबाने काढून देणारा घटक म्हणजे एन्व्हलप जनरेटर, आणि त्या आलेखाप्रमाणे आवाजाची दारे उघडमीट करणारा घटक म्हणजे दाबाने चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. पेटीच्या भात्याचे काम हाच अ‍ॅम्प्लिफायर करतो. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एक एन्व्हलप, एक मंद ऑसिलेटर आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर एवढ्यांत एक पुरा ‘आवाज’ उभा राहतो. नवख्याने येथे थांबून काही महिने काढावेत, हे उत्तम.

परंतु नवखा येथे थांबत नाही, आणि पुढची खरेदी बहुधा तिसऱ्या ऑसिलेटरची किंवा चित्रविचित्र नाद काढणाऱ्या एखाद्या मोठ्या घटकाची होते. वास्तविक कमतरता असते ती निराळ्याच गोष्टींची. दोन सूर मिसळणारा मिक्सर, दाब कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर, दाब उलटा करणारा किंवा त्यात ठरावीक भर घालणारा घटक, एका दाबाच्या अनेक प्रती काढणारा घटक, ही मंडळी दिसावयास निरस असतात. जाहिरातीत त्यांना जागा नसते. स्वयंपाकघरात चमचे, पळ्या आणि गाळणी नसतील तर उंची भांड्यांचा जो उपयोग, तोच यांच्यावाचून इतर घटकांचा.

अ‍ॅटेन्युएटरची गरज आकड्यांनी पाहण्यासारखी आहे. मंद ऑसिलेटरमधून साधारणतः उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट असा झोका निघतो. तो सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला जसाच्या तसा दिला, तर एक व्होल्टाला एक सप्तक या हिशेबाने सूर दहा सप्तके वरखाली धावेल आणि त्याचा भोंगा होईल. उलट एका सुरापासून शेजारच्या कोमल-तीव्र सुरापर्यंतचे अंतर सप्तकाचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. दरबारीतल्या गांधारासारखे संथ आंदोलन हवे असेल तर पाच व्होल्टांच्या झोक्यातून काही दशक मिलिव्होल्टच पुढे जाऊ द्यावयाचे असतात. हे काम अ‍ॅटेन्युएटरची गुंडी करते. आंदोलन सुराच्या आरंभी नसावे आणि मग हळूहळू भरत जावे अशी इच्छा असेल, तर त्या झोक्याच्या वाटेवर दाबाने चालणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवून त्याला एन्व्हलपचा हुकूम द्यावा. अनुभवी लोक अ‍ॅम्प्लिफायर कितीही घेतले तरी थोडेच म्हणतात, ते एवढ्यासाठी.

हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला आणखी एका ठिकाणी सावध राहावे लागते. क्वांटायझर नावाचा घटक कोणताही दाब जवळच्या ठरावीक पायरीवर नेऊन बसवितो, आणि या पायऱ्या बहुधा सप्तकाचे बारा सारखे भाग करून पाडलेल्या असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार या बारा समान भागांतील गांधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे सप्तकाच्या बाराशे भागांपैकी चौदा भाग, खाली असतो. दाबाच्या मोजमापात हा फरक सुमारे ११ मिलिव्होल्टांचा. आकडा क्षुद्र दिसतो. तंबोऱ्यासमोर बसलेल्या कानाला तो क्षुद्र नसतो. पेटीवरील याच आक्षेपापायी, आणि तिच्यातून मींड निघत नाही या तक्रारीपायी, आकाशवाणीने १९४० साली तिला दारे बंद केली होती. मॉड्यूलर वाद्यात दोन्ही उणिवा मुळातच नाहीत, कारण दाब अखंड आहे, त्याला पट्ट्या नाहीत; दोन सुरांमधील दाब सावकाश सरकविणारा स्लू नावाचा घटक सरळ मींडच काढून देतो. अशा वाद्यात बारा पायऱ्यांचा क्वांटायझर हौसेने आणून बसविणे म्हणजे पेटीचे दुखणे विकत घेणे होय. घ्यावयाचाच असेल तर ज्याला स्वतःच्या श्रुती शिकविता येतात असा घ्यावा.

हा संबंध केवळ तर्काचा नाही. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मोग यांच्या घटकांचे यंत्र आणून उभे केले. त्या कलागृहात गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी प्रयोग केले. गीता साराभाई यांनी त्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. १९६९ ते १९७२ या काळातील त्या फिती दीर्घकाळ संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस यांच्या शोधामुळे त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. बडोदेकर रसिकांना आगगाडीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर असे वाद्य त्या काळी वाजत होते, याची कल्पनाही बहुतेकांना नसावी.

दाबाच्या प्रती काढण्याची गोष्ट वर ओझरती आली. एकाच दाबावर तीन ऑसिलेटर चालवावयाचे असल्यास नुसत्या तारेच्या फाट्यांवर विसंबू नये. प्रत्येक ऑसिलेटर आपल्यापुरती थोडी वीज ओढतो आणि मूळ दाब किंचित ढासळतो. तीन व्होल्टांत शेकडा एकची घट झाली तरी सूर ३६ सेंट उतरतो, म्हणजे उघडउघड बेसूर होतो. अशा ठिकाणी दाब सावरून धरणारा ‘बफर’ असलेला घटकच घ्यावा. जुन्या धर्तीचे ऑसिलेटर तापमानानेही सरकतात. मैफिलीपूर्वी तंबोरे लावावेत त्याप्रमाणे यंत्र अर्धा तास तापू देऊन मगच सूर मिळवावा.

राहता राहिली चौकट आणि वीजपुरवठा. ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो हाच भाग, आणि घटक जळतात तेही येथेच. प्रत्येक घटक अधिक १२ व उणे १२ व्होल्टांवर किती मिलिअँपिअर घेतो, तो आकडा कारखानदार देतो. दोन्ही बाजूंच्या बेरजा निरनिराळ्या कराव्यात, आणि पुरवठ्याची शक्ती त्यांहून निदान चौथाईने अधिक असावी. काही घटक चालू होण्याच्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतात. चौकट घेताना आजच्या गरजेच्या दीडपट रुंद घ्यावी, तिची खोली मोजावी, आणि रिकामी जागा डोळ्यांना खुपली तरी ती भरण्यासाठी म्हणून काही घेऊ नये. घटकाला वीज पोहोचविणाऱ्या चपट्या पट्टीतारेच्या एका कडेला लाल रेघ असते. ती कडा रूढीने उणे १२ व्होल्टांची. घटकाच्या पाठीवरील खूण पाहून ती त्याच बाजूस बसविली पाहिजे. उलटी बसली तर महागडा घटक एका क्षणात निकामी होऊ शकतो. जोडणी नेहमी वीज बंद करून करावी. आणखी एक : या यंत्रातील सुराचा झोका दहा व्होल्टांच्या आसपास असतो, घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागतो त्याच्या कितीतरी पट. तेव्हा शेवटी तो खाली आणणारा निर्गम घटक यादीत आठवणीने असू द्यावा.

ज्याची ऐपत आज नाही, किंवा ज्याला निवडीची खात्री नाही, त्याच्यासाठी एक सोपी वाट उपलब्ध आहे. २०१७ साली निघालेली व्हीसीव्ही रॅक नावाची संगणकावरील योजना विनामूल्य मिळते. तिच्यात पडद्यावर हेच घटक मांडून, पडद्यावरच्याच तारांनी जोडून ऐकता येतात. यादीतील प्रत्येक घटक तेथे महिना-दोन महिने वापरून पाहावा आणि जोडण्या कागदावर रेखाटून ठेवाव्यात. ज्या घटकाकडे त्या अवधीत तार एकदाही गेली नाही त्याचे नाव यादीतून खोडावे. ज्याची दुसरी प्रत पुन्हा पुन्हा मांडावी लागली त्याची पहिली मागणी नोंदवावी. ती बहुधा एखाद्या अ‍ॅटेन्युएटरची निघते.